वेल्डिंगचा गॅस व त्यावरील वरकड आकार

आपल्या मासिकातून बियाणे, खते, औषधे व पाणीपट्टी यांच्या दरांविषयी वेळोवेळी चर्चा होत असते, व ती व्हावयासच पाहिजे. परंतु शेतकऱ्याच्या खर्चाची काही कलमे अशी आहेत की, ती त्याच्या स्वतःच्या वहीत कधी लिहिलीच जात नाहीत; दुसऱ्याच्या बिलात दडून ती त्याच्या घरी येतात. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात लागणारा गॅस हे अशांपैकीच एक कलम होय. गॅस विकत घेतो कारागीर. परंतु त्याचा सर्व भार अखेरीस पडतो तो नांगराच्या व ट्रॉलीच्या मालकावर. म्हणून हा विषय कारागिराचा आहे, आपला नव्हे, असे समजून कोणी पान उलटू नये, अशी वाचकांस प्रारंभीच विनंती आहे.

एक काळ असा होता की, शेताचे औत लाकडाचे असे. सुताराने ते करावे, लोहाराने फाळ शेवटून द्यावा, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर दोघांस बलुते घालावे, असा क्रम होता. त्या पद्धतीत अन्याय नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु कोणास किती द्यावयाचे हे साऱ्या गावास आधी ठाऊक असे, एवढा गुण तिच्यात खास होता. पुढे कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर करण्यास सुरुवात केली, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि हळूहळू लाकडाची जागा लोखंडाने घेतली. आज पलटी नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, उसाची ट्रॉली, विहिरीवरील पाइप यांपैकी लोखंडावाचून काय आहे? लोखंड आले तेव्हा त्याबरोबर त्यास जोडणारी व कापणारी आगही आली. साधा सांधा विजेच्या वेल्डिंगने होतो हे खरे. तथापि जाड पट्टी कापणे, वाकलेला दांडा तापवून सरळ करणे, पितळेने झाळणे ही कामे ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांच्या ज्योतीवाचून नीट होत नाहीत. सबब हा गॅस आता शेतीच्या अवजारखर्चाचाच एक भाग झाला आहे.

ह्या विषयाकडे माझे लक्ष गेले ते एका लहानशा प्रसंगाने. गतवर्षी साखर कारखाने सुरू होण्याच्या तोंडावर आमच्या ट्रॉलीची दांडी चिरली. गावातील कारागिराने काम चोख केले; परंतु मजुरी मागितली ती आदल्या वर्षापेक्षा बरीच अधिक. कारण विचारता तो म्हणाला, "रावसाहेब, गॅस फार महाग झाला. आम्ही तरी काय करणार?" गॅसचा दर किती वाढला असे विचारले, तेव्हा त्यास तो सांगता येईना. महसूल खात्यात कारकुनी करण्यात जन्म गेल्यामुळे कागद पाहिल्यावाचून माझे समाधान होत नाही. त्याने खिळ्याला टोचून ठेवलेली दोन्ही वर्षांची बिले काढून दिली. ती शेजारी शेजारी ठेवून पाहता असे आढळले की, गॅसचा दर दोन्ही वर्षी एकच होता! वाढ झाली होती ती दराखालच्या ओळींत. आदल्या वर्षी तेथे दोन ओळी होत्या. ह्या वर्षी पाच झाल्या होत्या. वाहतूक व सिलिंडरचे भाडे ही जुनी कलमे होती. त्यांत हाताळणी आकार, सुरक्षा आकार व इंधन अधिभार अशी तीन नवी नावे येऊन मिळाली होती. कारागिराने ती कधी वाचली नव्हती, व विकणाऱ्याने ती त्यास कधी सांगितली नव्हती. दूरध्वनीवरून त्या गुदामाकडे विचारणा केली असता उत्तर मिळाले ते मूळ दराचेच. बाकीच्या ओळींविषयी विचारले, तेव्हा "ते बिलात येईल" एवढेच सांगण्यात आले.

आता न्यायाने बोलावयाचे, तर गॅस विकणे हा तेल विकण्यासारखा सोपा धंदा नव्हे, हे आधी मान्य केले पाहिजे. ऑक्सिजनचे जे काळ्या रंगाचे उंच सिलिंडर आपण दुकानात पाहतो, त्याच्या पोटात सुमारे ४६.७ लिटर पाणी मावेल एवढीच जागा असते. तेवढ्या जागेत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो इतक्या दाबाने वायू कोंबून भरलेला असतो, म्हणून त्यातून मोकळ्या हवेत सुमारे ७ घनमीटर ऑक्सिजन मिळतो. ह्या ७ घनमीटर वायूचे वजन केवळ नऊ किलोंच्या आसपास भरते. आणि ज्या पोलादी भांड्यात तो येतो ते भांडे मात्र पन्नास ते साठ किलोंचे असते. म्हणजे गाडीतून जे वाहून आणावयाचे त्यात गॅस थोडा व लोखंड फार. शिवाय ते लोखंड पुन्हा परत न्यावयाचे. ॲसिटिलीनचे तांबूस-तपकिरी रंगाचे सिलिंडर त्याहूनही नाजूक. हा वायू नुसता दाबून भरला तर स्वतःच स्फोट पावण्याचे भय असते. म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ भरून, त्यात ॲसिटोन नावाचा द्रव मुरवून, त्या द्रवात वायू विरघळवून ठेवावा लागतो. ह्या सर्व व्यवहारावर सरकारचे गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत, व त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. ऑक्सिजनच्या सिलिंडरची ठराविक मुदतीने, सामान्यतः दर पाच वर्षांनी, पाण्याच्या दाबाने चाचणी करावी लागते, व तिची तारीख सिलिंडरच्या गळ्यावर ठोकलेली असते.

इतका खटाटोप ज्या मालामागे आहे, त्याचा विकणारा भांड्याबद्दल काही भाडे व गाडीबद्दल काही खर्च मागेल, तर त्यास लुटारू म्हणणे शोभत नाही. माझी तक्रार आकार घेतल्याबद्दल नाही. माझी तक्रार अशी की, तो आधी सांगितला जात नाही, एकाच कारणासाठी दोनदा घेतला जातो, आणि कारण संपले तरी आकार संपत नाही. ह्या तीन गोष्टी एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट, आधी न सांगण्याची. ती समजावी म्हणून एक हिशेब मांडतो. ह्यातील आकडे गणितास सोपे जावेत म्हणून घेतले आहेत, कोणा एकाच्या बिलातील नव्हेत. समजा, ऑक्सिजनच्या एका सिलिंडरचा दर ५०० रुपये सांगितला. पुढे बिलात वाहतूक ८० रुपये, हाताळणी ४० रुपये, सुरक्षा ३० रुपये, आणि दररोज १० रुपयांप्रमाणे पंधरा दिवसांचे सिलिंडरभाडे १५० रुपये लागले. बेरीज झाली ८०० रुपये. औद्योगिक ऑक्सिजनवर वस्तू व सेवा कर आजमितीस शेकडा १८ आहे. तो १४४ रुपये. एकूण ९४४ रुपये. ७ घनमीटर वायू घेतला असे धरल्यास, ज्याचा भाव दर घनमीटरला सुमारे ७१ रुपये असे ऐकले होते, तो प्रत्यक्षात सुमारे १३५ रुपयांस पडला. कारागिराने मजुरी ठरविताना ७१ चा भाव डोळ्यांपुढे ठेवला असेल तर तो बुडाला. आणि पुढच्या वेळी त्याने ठोकताळ्याने मजुरी दुप्पट केली तर शेतकरी बुडाला. दोघेही बुडावयाचे कारण एकच, की खरी रक्कम कोणासच आधी ठाऊक नव्हती.

येथे कराविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कित्येकांची समजूत अशी की, कर हा केवळ मालाच्या किमतीवर बसतो. तसे नाही. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यातील १५ व्या कलमान्वये, माल देतेवेळी विकणारा जे आनुषंगिक खर्च लावतो तेही करपात्र मूल्यात धरले जातात. वरच्या हिशेबात गॅसवरचा कर ९० रुपये, व उरलेल्या आकारांवरचा कर ५४ रुपये आहे. मोठ्या कारखानदारास हा कर पुढे वजावट म्हणून मिळतो, त्यामुळे त्याचे फारसे बिघडत नाही. परंतु करासाठी नोंदणी न झालेल्या खेड्यातील कारागिरास ती वजावट नाही, व शेतकऱ्यास तर नाहीच. म्हणजे विकणाऱ्याने वाढविलेला प्रत्येक रुपया आपल्या पदरी एक रुपया अठरा पैसे होऊन येतो. उलट, सिलिंडरसाठी घेतलेली जी परत करावयाची अनामत रक्कम, ती जोपर्यंत किमतीत वळती करून घेतली जात नाही, तोपर्यंत तिच्यावर हा कर लागत नाही. ती कोणी करासकट मागू लागल्यास नम्रपणे कारण विचारावे.

दुसरी गोष्ट, एकाच कारणासाठी दोनदा घेण्याची. सिलिंडर विकणाऱ्याच्या मालकीचे आहे, म्हणून तो भाडे घेतो. ठीक आहे. परंतु वस्तू भाड्याने देणाऱ्याने ती सुस्थितीत ठेवावी, हा साधा व्यवहार आहे. बैलजोडी भाड्याने आणली तर तिच्या पत्र्या मारण्याचा खर्च आपण वेगळा देत नाही. मग भाडेही घ्यावे आणि सिलिंडरच्या चाचणीबद्दल किंवा सुरक्षेबद्दल निराळा आकारही घ्यावा, हे कोणत्या न्यायाने? तसेच, गाडीभाडे घेतल्यावर पुन्हा इंधन अधिभार घ्यावा, तर मग गाडीभाडे कशाचे होते? गाडी काय इंधनावाचून आली? हाताळणी म्हणजे चढविणे-उतरविणे होय. आणि आमच्या गावी तर सिलिंडर उतरवून घेतो तो दुकानातील पोरगा. त्या पोराच्या श्रमाचा आकार गुदामाच्या मालकास का द्यावा, हा प्रश्न कोणासही सुचावा.

तिसरी गोष्ट, कारण संपल्यावरही आकार न संपण्याची. २०२१ च्या एप्रिलात महामारीचा कहर होता तेव्हा केंद्र सरकारने काही ठराविक उद्योग वगळून इतर सर्व औद्योगिक वापरासाठी ऑक्सिजन देणे २२ एप्रिलपासून बंद केले, व तो सारा इस्पितळांकडे वळविला. त्या दिवसांत गावोगावची वेल्डिंगची दुकाने थंड पडली. कोणी कुरकुर केली नाही, व करणे योग्यही झाले नसते. तुटवड्याच्या काळात एखादा जादा आकार बसला तर तो समजण्यासारखा आहे. परंतु तुटवडा ओसरल्यावर तो आकार नाव बदलून बिलात मुक्काम करू लागला, तर त्यास काय म्हणावे? डिझेल चढले की इंधन अधिभार चढतो हे आपण पाहतो. डिझेल उतरले म्हणून तो उतरल्याचे मला तरी एकाही बिलात दिसले नाही.

ह्या सर्वांत शेतकऱ्यांच्या गावास विशेष बाधणारे कलम म्हणजे सिलिंडरचे रोजचे भाडे. शहरातील कारखान्यात काम बारमाही चालते. चार दिवसांत सिलिंडर रिकामे होऊन परत जाते. आपल्याकडील काम हंगामी. मृगाच्या आधी अवजारांची गर्दी, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॉल्या व गाड्यांची गर्दी. मध्यंतरी पावसाळ्यात दुकान जवळजवळ रिकामे असते. परंतु अर्धे भरलेले सिलिंडर कोपऱ्यात उभे असते, आणि त्याचे भाडे रात्रंदिवस चालू असते. दररोज १० रुपये धरले तरी नव्वद दिवसांचे ९०० रुपये होतात. म्हणजे आतल्या उरलेल्या गॅसच्या किमतीपेक्षा बाहेरच्या लोखंडाचे भाडे अधिक! ते परत करावे, तर आत राहिलेल्या गॅसचे पैसे कोणी वळते करून देत नाही. आणि गर्दीच्या दिवसांत पुन्हा सिलिंडर मिळेल की नाही, ही धास्ती असतेच. कारागीर म्हणून ते ठेवून घेतो, आणि तो भुर्दंड पुढच्या हंगामात आपल्या नांगरावर चढतो.

आता हे असे का होते, याचा विचार केला तर दोष एकट्या विकणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. आपण सारेच दुकानात गेलो म्हणजे विचारतो काय? "दर काय?" दोन गुदामांपैकी ज्याचा दर दहा रुपयांनी कमी, त्याच्याकडे आपण वळतो. व्यापारी हे ओळखून आहे. त्याने दर खाली ठेवावा व उरलेले पैसे खालच्या ओळींतून काढावे, ही त्याची युक्ती आपल्याच सवयीने त्यास शिकविली. जो प्रामाणिक विक्रेता सर्व खर्च धरून एकच दर सांगतो, तो आपणास महाग वाटतो आणि त्याचे गिऱ्हाईक तुटते. अशा रीतीने खरे बोलणाऱ्यास दंड व लपविणाऱ्यास बक्षीस, असा प्रकार आपल्याच हातून चालला आहे. सिलिंडर वेळेवर परत न करणे, शेतात टाकून देणे, अनामतीची पावती हरविणे, हे दोषही आपल्या बाजूस आहेतच.

माल विकण्याच्या बाबतीत ह्याच रोगाशी आपल्या पूर्वजांनी दीर्घकाळ झुंज दिली आहे, हे येथे आठवावे. कापसाची गाडी बाजारात नेली की भावात काही नसे. परंतु पट्टी हाती येई तेव्हा आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, नमुना अशा नाना नावांनी रक्कम कापलेली असे. ह्यास आळा घालण्यासाठी वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली तेथे कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२८ साली शेतकी विषयक शाही कमिशनने नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला. मुंबई इलाख्यात १९३९ चा, आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ चा कायदा आला. कोणता आकार कोणी कोणाकडून किती घ्यावयाचा, हे त्यामुळे नियमाने ठरू लागले. २०१६ च्या जुलैत तर फळे व भाजीपाला यांवरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. आजही बाजार समित्यांत सर्व काही आलबेल आहे असे नव्हे. तथापि पट्टीतील कपातीस नाव व नियम असला पाहिजे, एवढे तत्त्व तरी प्रस्थापित झाले. खेदाची गोष्ट ही की, विकताना जे आपण मिळविले, ते विकत घेताना आपण मागावयासही विसरलो.

सरकारी सारा घ्या. साऱ्यावर उपकर आहेत, व ते कोणास गोड लागत नाहीत. परंतु गाव नमुना आठ-अ उघडून पाहावा. त्यात आकार एका रकान्यात, जिल्हा परिषदेचा उपकर दुसऱ्यात, ग्रामपंचायतीचा उपकर तिसऱ्यात, असे सर्व वेगवेगळे मांडलेले असते. प्रत्येक रकान्यामागे कायदा आहे, व खातेदाराने विचारले तर तो दाखविणे कारकुनास भाग आहे. ज्या रकमेस रकाना नाही ती वसूल करता येत नाही. हा दंडक सरकारास लागू आहे, तर तो गॅसच्या गुदामास का नसावा?

ह्यावर उपाय काय करावे, याविषयी माझ्या अल्प अनुभवाने सुचतात ते असे.

पहिला उपाय प्रत्येकाच्या हाती आहे. दर विचारू नये. एकूण पडणारी रक्कम विचारावी. "एक सिलिंडर, आमच्या गावी पोहोच, एक महिना ठेवून परत, सर्व आकार व कर धरून किती?" हा एकच प्रश्न दोन-तीन ठिकाणी करावा, आणि उत्तर लेखी घ्यावे. मोबाइलवर संदेश आला तरी चालेल. लेखी घेण्यास कारण आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये, उभय पक्षांत ठरलेल्या किमतीपेक्षा अधिक किंमत घेतल्यास तक्रार करता येते. परंतु किंमत काय ठरली होती हेच दाखविता आले नाही, तर तक्रार कशाच्या आधारावर करणार?

दुसरा उपाय, पक्के बिल घेणे. कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार केल्याने चार पैसे वाचतात हा भ्रम आहे. विकलेल्या मालाची पावती न देणे ही त्याच अधिनियमात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून सांगितली आहे. अनामतीची पावती मात्र निराळी घ्यावी, तीवर सिलिंडरचा क्रमांक व "परत करण्याजोगी" हे शब्द लिहवून घ्यावेत, आणि ती सातबाराच्या उताऱ्याइतकी जपून ठेवावी. सिलिंडर परत केल्याच्या दिवशीही तारखेसह पोच घ्यावी. नाहीतर भाड्याचा दिवस कोठे संपला, हे ठरविणारा केवळ विकणाराच राहतो.

तिसरा उपाय, माल तपासून घेणे. ऑक्सिजनचा दाब हाच त्याचे माप होय; दाबमापक लावून काटा पाहावा. काटा निम्म्यावर असेल तर गॅसही सुमारे निम्माच आहे. ॲसिटिलीनला हा नियम लागत नाही, कारण तो द्रवात विरघळलेला असतो. तो वजनानेच पाहावा. गळ्यावरील चाचणीची तारीखही वाचावी. मात्र ऑक्सिजनच्या झडपेस तेलाचा किंवा ग्रीसचा हात कदापि लावू नये. त्याने पेट घेण्याचा धोका असतो.

चौथा उपाय आपल्या संघाने करावयाचा आहे, आणि माझ्या मते तोच खरा. एकटा कारागीर दोन सिलिंडरांचे गिऱ्हाईक. त्याचे कोण ऐकणार? परंतु तालुक्यातील वीस-पंचवीस गावांचे कारागीर व संघ मिळून वर्षाची मागणी एकत्र करतील, तर ते गिऱ्हाईक मोठे होते. संघाने गॅस पुरविणाऱ्यांकडून सर्व आकार धरून दरपत्रके मागवावी. त्यात पावसाळ्याच्या तीन महिन्यांचे भाडे माफ किंवा निम्मे करावे, अशी अट घालावी. आणि जे दरपत्रक ठरेल ते ह्या मासिकात छापावे. जे आकार दरपत्रकात नाहीत ते बिलात आल्यास देणार नाही, असे आधीच लिहून कळवावे. ज्या दुकानदारास हे मान्य नसेल त्याने खुशाल माल देऊ नये. परंतु एकदा पाच-पंचवीस गावांची मागणी एका कागदावर आली की, तसा दुकानदार फारसा मिळणार नाही, असा माझा भरवसा आहे.

इतके करूनही कोणी अडवणूक केली, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता सेवेचा क्रमांक १९१५ आहे. आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस फी पडत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. कोणी म्हणेल, कारागीर हा धंद्यासाठी गॅस घेतो, तो ग्राहक कसा? परंतु स्वतः राबून उपजीविका करण्यासाठीच जो वस्तू घेतो, त्यास कायद्याने ग्राहकातून वगळलेले नाही. आमच्या गावच्या कारागिरास हे मी सांगितले तेव्हा तो काही वेळ गप्प राहिला, आणि म्हणाला, "म्हणजे आम्हीपण विचारू शकतो?" ह्या एका प्रश्नासाठीच हा लेख लिहावा असे मला वाटले.

जाता जाता एक इशारा देणे अवश्य आहे. आकारांच्या जाचास कंटाळून काही जण घरगुती स्वयंपाकाचा गॅस कापण्याच्या कामी लावतात. तो स्वस्त पडतो हे खरे. परंतु घरगुती सवलतीचा सिलिंडर धंद्यास वापरणे नियमाविरुद्ध आहे, आणि जे बंब व नळ्या त्या कामासाठी नव्हेत त्यांवर चालविलेली ज्योत प्राणावर बेतू शकते. एका अन्यायातून सुटण्यासाठी दुसरा गुन्हा पत्करणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय, जो स्वतः चोरवाटेने जातो, त्यास दुसऱ्याच्या बिलातील चोरवाट दाखविण्याचे तोंड राहत नाही.

कोणी असेही म्हणतील की, एका ट्रॉलीमागे शंभर-दोनशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कशास? त्यांस माझे उत्तर इतकेच की, न सांगता घेतलेला रुपया लहान असला तरी त्याची सवय लहान राहत नाही. आज जी रीत गॅसच्या बिलात खपली, ती उद्या पंपाच्या दुरुस्तीत, परवा खताच्या वाहतुकीत, आणि पुढे ट्रॅक्टरच्या कर्जाच्या कागदांत आपणास भेटेल. कित्येकांना ती भेटलीही असेल. तिला अडवावयाचे तर जेथे कलम लहान आहे, व माणसे ओळखीची आहेत, तेथेच अडविणे सोपे.

असो. मृगास अद्याप अवकाश आहे तोवर आपापल्या गावच्या कारागिराकडे जाऊन त्याच्या खिळ्यावरची जुनी बिले एकदा त्याच्याबरोबर बसून वाचावीत, आणि जी कलमे दोघांनाही उमगत नाहीत, ती संघाच्या कार्यालयाकडे लिहून पाठवावीत. तेवढी यादी जमली, तरी संघाच्या चालकांस दरपत्रक मागविण्यास पुरेसा आधार मिळेल, अशी आशा आहे.